कावळा शिवेना

जावेच्या दहाव्याला शिप्रेच्या घाटावर गेलो, तेव्हा शेजारीच एक अनोळखी मुलगी बापाचा पिंड ठेवून उभी होती. जन्म अमेरिकेतला, ओढणी घसरायची, ती पुन्हा सावरायची. कावळा काही शिवेना.

तिचा काका म्हणाला, "अरे बेटा, बोल ना बाबांना, आपल्यातलाच नवरा करीन. झूठमूठ ही सही!"

"माझ्या पसंतीवरून बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाही. आता पण तेच पाहिजे त्यांना?"

दुपार झाली. तिने वचन दिलं नाही आणि जोडलेले हातही सोडले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तिने मला विचारलं, "आजी, म्हणजे बाबा रागातच गेले ना?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला ती माझी कोण होती?