झाकणावरचं अर्धं उघडं दार

अमरावतीलगतच्या बडनेऱ्याला गाडी दीड तास उशिरा लागली. पुण्याहून सबंध प्रवास बसून केला, कारण बर्थ मिळाला तो वरचा आणि माझे गुडघे आता वर चढायला साफ नकार देतात. उतरलो तेव्हा मान आखडली होती, तोंड कडू झालं होतं आणि एवढ्या लांब आपण एका नऊ वर्षांच्या लॅपटॉपसाठी आलो आहोत, हे कुणाला सांगायची लाज वाटत होती.

लॅपटॉप माझ्या लाडक्या कंपनीचा. नाव लिहीत नाही. झाकणावर अर्धं उघडं दार आणि त्यातून येणारी उजेडाची तिरीप, ही त्यांची खूण. या दारापायी मी काय काय केलं आहे. नवीन यंत्र येणार म्हणून मुंबईत दुकानापुढे पहाटेपासून रांगेत उभा राहिलो, स्कूटरवर ते दार चिकटवलं, रिकामी खोकीसुद्धा माळ्यावर जपून ठेवली, बायको वैतागली तरी. यंत्राला बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही याचं मला कोण कौतुक. आत डोकवायची गरजच पडू नये अशी वस्तू आहे, असं मी भेटेल त्याला ऐकवत असे. तसाच एक लॅपटॉप मी भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, साठीनिमित्त दिला होता.

भाऊजी अमरावतीत पौरोहित्य करत. डोळे अधू झाल्यावर ते रोज सकाळी लॅपटॉपपुढे बसत आणि मनातलं बोलून ठेवत. कुणाकडे कोणती पूजा आहे, कुठल्या घरात सासूला आधी पाटावर बसवलं नाही तर दिवसभर धुसफूस चालते, लहानपणी अचलपूरला वडिलांबरोबर पायी जाताना काय काय दिसायचं, असं सगळं. मार्चमध्ये ते गेले. त्यांचा आवाज ताईपाशी उरला तो एवढाच. तो दुसरीकडे कुठं उतरवून ठेवलेला नव्हता, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप सुरू होईना.

"दरवर्षी खंडेनवमीले ते याची पूजा करत होते," ताई मला वाढता वाढता म्हणाली. "यंदा मी केली. माह्याच हातून काहीतरी चुकलं, मधू."

चाळीस वर्षांत ताईची भाषा पुरती वऱ्हाडी झाली आहे. पानात सांबारवडी (सांबार म्हणजे इथं कोथिंबीर) आणि कढी होती. ती स्वतः जेवत नव्हती, आवाज मिळेल ना, एवढंच सारखं विचारत होती. बघू, म्हणालो. इतकं जुनं यंत्र आम्ही उघडत नाही, नवीन घ्या, असं पुण्यातल्या कंपनीच्या केंद्रातून मला आधीच सांगण्यात आलं होतं. ते काही मी तिला सांगितलं नाही.

बाजारात दोन दुकानदारांनी झाकणावरचं दार पाहूनच हात जोडले. तिसऱ्याने अकोल्याच्या वानखडेंचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल डब्याच्या बसने निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, बायका ओटीत कापूस भरत पुढं सरकत होत्या. एरवी मी खिडकीला नाक लावून बसलो असतो. त्या दिवशी मांडीवरची पिशवी सांभाळत नुसता पेंगलो. मूर्तिजापूरच्या पुढं बस पंक्चर झाली. बाभळीच्या सावलीत उभे असताना शेजारच्या गृहस्थांनी चौकशी केली.

"लॅपटॉप दुरुस्तीले पुण्याहून अकोल्याले? कावून (का) हो, पुण्यात हुशार मानसं नाही राहत काय?"

मी हसून वेळ मारून नेली.

वानखडेंचं दुकान एका जिन्याखाली होतं. पन्नाशीचा माणूस, कपाळावर भिंग लावलेलं, टेबलावर बाबासाहेबांची छोटी तसबीर. त्यांनी लॅपटॉप पालथा घातला, रबरी पाय उचकटले. त्यांच्याखाली स्क्रू होते. चार पायांखाली चार. नऊ वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता.

तळ निघाला आणि मी बघतच राहिलो. आत सगळं लाल होतं. पंख्याच्या पात्यांवर कुंकू, जाळीत हळद, कोपऱ्यात अक्षता.

"घाबरू नका," वानखडे म्हणाले. "आमच्या घरी पूजा नसते. दसऱ्याले आमी नागपूरले दीक्षाभूमीवर जातो, आन् आलो का आठ दिवस तुमच्या लोकायचं कुंकू काढत बसतो."

"बहिणीनं यंदा केली होती पूजा. त्यामुळंच बिघडलं का?"

त्यांनी पेचकसाच्या टोकानं पंख्यावरचा थर खरवडला. वर लाल होतं, खाली काळपट, त्याखाली दगडासारखं घट्ट. "हे एका सालचं नाही, भाऊ. वर्षानुवर्षं बसत आलं. पंखा जाम, म्हून तापून तापून गेलं. तीन-चार वर्षांमागं एकदा उघडून पुसलं असतं तं काहीच नसतं झालं. कोनी उघडलं कावून नाही?"

तीन वर्षांपूर्वी भाऊजींचा फोन आला होता. मधुकरराव, यंत्र फार तापतं, पंखा घरघरतो, इथं एक जण उघडून साफ करून देतो म्हणतो. आणि मी ठसक्यात म्हणालो होतो, कुणाला हात लावू देऊ नका, ती उघडायची वस्तू नाही.

दुपारी तीनपर्यंत वानखडेंनी डिस्क वेगळी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. सगळी ध्वनिमुद्रणं शाबूत होती, ती त्यांनी माझ्या फोनवर उतरवून दिली. बाकी यंत्र गेलं ते गेलंच.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. पंखा जुना झाला होता, एवढं म्हणून सुटता आलं असतं, पण ती स्वतःला बोल लावत बसली असती, ते मला झेपलं नसतं. तिनं ऐकून घेतलं. "मधुकरराव नाही म्हनले म्हणजे नाही, असंच म्हनत होते ते," एवढंच बोलली. मग म्हणाली, "लाव."

भाऊजी अचलपूरच्या रस्त्याबद्दल बोलत होते. वडील पुढं चालताहेत, एका झाडाखाली कुणीतरी बसलेलं आहे. तेवढ्यात थांबले. "आज इथंच थांबतो. यंत्र तापलं."

दुसरं लावलं. तिसरं लावलं. गेल्या तीन वर्षांतलं प्रत्येक तसंच संपत होतं, कुठं चौथ्या मिनिटाला, कुठं पाचव्या. ताईनं पदर तोंडाशी धरला होता.

"अजून बोलले असते रे ते," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत या वेळी खालचा बर्थ मिळाला, तरी झोप लागली नाही. ते दार अर्धं उघडं होतं की अर्धं लावलेलं, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ताईनं तो बंद लॅपटॉप ठेवून घेतला नाही, माझ्या पिशवीत टाकला. पुण्याला पोचेपर्यंत मी एकच विचार करत होतो, त्या झाडाखाली कोण बसलं होतं.