साडूने दिलेला तेलाचा डबा

मोटारीच्या इंजिनात घालायचं तेल मी मोटारीच्या अंगाला चोळलं. तेही मेव्हणीच्या लग्नाच्या दिवशी, नवरदेवाला आणायला निघण्याआधी.

शहाणा माणूस असं का करील, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे. साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघेही भोरात राहायचो आणि दोघांकडेही भाड्याची मोटार होती. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. पेट्रोल मोकळं मिळायचं, डब्याने आणायचं आणि नरसाळ्याने ओतायचं. भोर ते नसरापूर, गिऱ्हाईक भेटलंच तर पुणं, अशी आमची धाव. त्याची मोटार माझ्या मोटारीपेक्षा जुनी. टपाला ठिगळं, रंग कल्हई गेलेल्या पातेल्यासारखा. माझी मोटार हिरवीगार, पितळी दिव्यांची, गाद्यांना तांबडं कापड, आणि भोंगा असा की वळणावर दाबला तर पुढल्या गाडीवानाचे बैल आपण होऊन रस्ता सोडायचे.

तरीही उतारू जायचे त्याच्याकडे. आमच्या शेजारचा वाणीसुद्धा माझ्या मोटारीसमोरून पिशवी हलवत पुढे गेला, तेव्हा मी त्याला अडवलंच.

"का हो, आमची मोटार दिसत नाही?"

"दिसती की. दिसायला लई ब्येस हाय," तो म्हणाला. "पर मला आज पोचायचंय."

साडूचा एक रिवाज होता. आठवड्याचा बाजार आटोपला, की दुसऱ्या दिवशी तो गोणपाट अंथरून मोटारीखाली शिरायचा. काळं झालेलं तेल काढून टाकायचा, नवं घालायचा, सांध्यासांध्यांत ग्रीस भरायचा, प्लग घासायचा, टायरांची हवा बघायचा. काही बिघडलेलं नसताना! मला ते धडधाकट माणसाला रोज वैद्याकडे नेण्यासारखं वाटायचं. मी मुद्दाम त्या गल्लीतून जायचो आणि मोटारीखालून बाहेर आलेल्या त्याच्या पायांकडे बघायचो. त्या पायांचासुद्धा मला राग यायचा. किती निवांत पडलेले असायचे!

त्याची मोटार नाकाडासमोरचं हँडल अर्धं फिरवलं की सुरू व्हायची. माझ्या मोटारीला आधी मी हँडल मारायचो, मग उतारूंपैकी जो धट्टाकट्टा असेल तो, आणि मग सगळे मिळून ढकलायचे. तेवढ्याच पेट्रोलात तो पुण्याला जाऊन परत येई आणि मी अलीकडेच कुठेतरी रिकामा डबा हातात घेऊन उभा असे. "उतारावर इंजिन बंद करतो लबाड," असं मी लोकांना सांगायचो. लोक मान हलवायचे आणि त्याच्याच मोटारीत बसायचे. घरी आलो तर बायको म्हणायची, "दाजींची मोटार आज पण एका हिसक्यात चालू झाली म्हणं." पुढे भाकरी गोड कशी लागणार?

तर लग्न. सासरे वेल्ह्याकडचे शेतकरी. धाकट्या मुलीला शिवऱ्याचा मुलगा पाहिलेला. वऱ्हाड बैलगाड्यांनी आदल्या दिवशीच जाणार होतं. पण दोन जावयांकडे मोटारी असताना नवरदेव मोटारीतूनच यायला हवा, असं ठरलं. आता कुणाच्या मोटारीतून? तो सबंध पट्टा रस्त्याच्या कडेला उभा राहून बघणार होता. हा मान साडूला गेला असता तर मी त्या खोऱ्यात पुन्हा तोंड दाखवलं नसतं. मी आधीच जाऊन सासऱ्यांना गाठलं.

"साडूभाऊंच्या मोटारीत भांडी छान बसतील," मी म्हणालो. "आणि म्हातारी माणसं. जुन्या मोटारीत त्यांना बरं वाटतं."

सासऱ्यांनी चंची गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "बरं, तुमी आना नवरदेव. पर गोरज मुहूर्त हाय, जावईबापू. दिस मावळायच्या आत त्यो दारात पायजे."

आदल्या संध्याकाळी साडू माझ्या दारात. हातात तेलाचा डबा.

"साडूभाऊ, जुनं ऑइल काढून हे घाला. नसरापुरापासून पुढं चढ लागतात."

मला त्याचा इतका संताप आला, की मी फक्त "ठेवा तिथं" एवढंच म्हणालो. कारण मला पुढचं सगळं दिसत होतं. मी नवरदेवाला वेळेवर पोचवणार आणि साडूची बायको मांडवभर सांगत फिरणार, "आमच्यांनी तेल दिलं म्हणून हे पोचले!" त्याच्या तेलाचा थेंबही इंजिनात घालायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. मोटार घेतली तेव्हा आत तेल होतंच की. ते जाईल कुठे?

सकाळी मोटार पुसायला घेतली आणि डब्यावर नजर गेली. मला बेंदूर आठवला. वडील बैलांना धुऊन त्यांच्या शिंगांना तेल लावायचे, अशी चमकायची ती शिंगं! आख्ख्या गावाचे डोळे आमच्या जोडीवर. मी जुन्या धोतराचं फडकं घेतलं आणि साडूचं तेल मोटारीला लावायला सुरुवात केली. चाकांवरचे पत्रे, दारं, नाकाड, सगळं. काय झळाळली म्हणता! माझं तोंड दिसत होतं तिच्यात, आणि ते हसत होतं. डब्यात उरलेलं बायकोने दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. ते दार आजतागायत कुरकुरलेलं नाही.

शिवऱ्यात नवरदेव आणि त्याची करवली मागे बसली. माझ्या शेजारी बायको. जमलेली माणसं मोटारीकडे बघून वा, वा करत होती. मागे साडूची कळकट मोटार भोरात घेतलेली रुखवताची भांडी आणि नवरदेवाकडचे दोन म्हातारे घेऊन उभी. मी मागे वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात तेवढंच एकदा मी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं असेल.

नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि धूळ सुरू झाली. धुळीला तेलकट अंग म्हणजे आमंत्रणच. थोड्याच वेळात माझी हिरवी मोटार नुकत्याच सारवलेल्या भिंतीच्या रंगाची झाली. नवरदेवाने दारावर कोपर टेकलं होतं, त्या बाहीचं काय झालं ते त्याला पुढे मांडवात कळलं. मग आतून खट्-खट् सुरू झालं.

"अवो, काय वाजतंय?" बायकोने विचारलं.

"रस्ता."

"रस्ता असा वाजतोय व्हय?"

मी भोंगा वाजवला. खट्-खट् वाढलं, मीही भोंगा वाढवला. शेतातली माणसं धावत बांधावर आली. नवरदेवाला वाटलं, आपल्या मानासाठी वाजतोय; तो ऐटीत बसला. चढ लागला. अर्ध्या चढावर इंजिनातून पाटा फुटल्यासारखा आवाज झाला आणि मोटार थांबली. हँडल मारायला गेलो तर ते जागचं हलेना. आतलं सगळं तापून एकमेकांत रुतून बसलं होतं. पुढे ते इंजिन पुण्यात उघडावं लागलं, आणि त्या खर्चात साडूने दिला तसल्या डब्यांनी माझं घर भरलं असतं.

सूर्य डोंगराकडे चालला होता. मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाने विचारलं, "हितनं पायी कितीसं हाय?"

तेवढ्यात खालून साडूची मोटार आली. न खोकता, न धापा टाकता, दोन म्हाताऱ्यांना घेऊन. तो उतरला, त्याने माझ्या इंजिनातली तेल बघायची सळी ओढून काढली. कोरडी.

"ऑइल घातलं नाही?"

"वापरलं की."

"कुठं?"

मी भोंगा पुसायला लागलो. त्याने चाकावरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं, बोटावरचा काळा चिखल पाहिला, अंगठ्याने चोळून पाहिला.

"हं," तो म्हणाला. "हितं हाय."

आणि हसला नाही. हसला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

त्याने भांडी आणि म्हातारे माझ्या मोटारीत घातले आणि नवरदेव, करवली आपल्या मोटारीत घेतली. माझी बायको कुणी विचारायच्या आधीच त्यात जाऊन बसली होती. अर्ध्या हँडलात मोटार सुरू झाली आणि चढ चढून दिसेनाशी झाली.

मला एका शेतकऱ्याने बैलजोडी जुंपून दिली. मी सुकाणू धरून आत, मागे हंडे-कळशा आणि दोन म्हातारे. एक म्हातारा मला म्हणाला, "आता कसं, झुलत झुलत चाललंय. मगाशी त्या मोटारीत लई धावत व्हतं." गाव आलं तेव्हा अंधारून येत होतं. वाजंत्र्यांनी लांबून मोटार पाहिली आणि आणखी कुणी बडा पाहुणा आला समजून जोरात वाजवायला लागले. आतून माणसं धावत आली, मी दिसताच वाजंत्री बंद झाली. लग्न मुहूर्तावर लागून गेलं होतं. लोक डोक्यावरच्या अक्षता झाडत होते आणि साडूला पाटावर बसवून दूध देत होते.

सासरे भले गृहस्थ. मला ओशाळं बघून त्यांनी मोटारीच्या धुळीने माखलेल्या नाकाडावर हात ठेवला. "असूं द्या, जावईबापू. मोटार म्हंजी मुकं जित्राब. काय हवं-नको ते सांगंल तरी कसं?"

मागे माझी बायको पानांचं तबक घेऊन उभी होती.

"मुकी कुठली? नसरापुरापासनं ठणाणा करत व्हती," ती म्हणाली. "ह्येंनीच तिच्यावर भोंगा वाजवला."