बोटभर जास्तीची बाही

आमच्या नाटकमंडळींसाठी बायको जुन्या काळातल्या साहेबाचा लोकरी कोट शिवते आहे. आज बाह्या लावायच्या होत्या. टेबलावरची बाही कोपरात वाकलेली होती, चहाचा कप घ्यायला निघालेल्या हातासारखी. तिची वरची गोलाई कोटाच्या मुंढ्यापेक्षा चांगली बोटभर जास्त दिसत होती.

"माप चुकलं वाटतं," मी म्हणालो.

"चुकेल कशाला? हात हलायला जागा नको का?"

तिने कडेने धावदोरा घातला, हलकेच ओढला आणि ओलं फडकं ठेवून वर इस्त्री टेकवली. वाफ आली. जास्तीचं कापड एकही चुणी न पडता लोकरीत जिरून गेलं.

आमच्या दोन खोल्यांत तिचं पहाटेचं गाणं आणि माझं मोठ्याने पेपर वाचणं असंच कधीतरी जिरलं असणार. कुठे चुणी पडली असलीच, तर आता सापडत नाही.

बाह्या लागल्यावर तिने कोट माझ्या अंगावर चढवला.

"आता मिठी मारा. पाठीत ओढतोय का बघू."

मी मारली. कोट कुठेही ओढत नव्हता. हे तिला लगेच कळलं असणार, तरी "सोडा" म्हणायला तिने बराच वेळ लावला.