जोडीकाकींचा नकार

एकटी वस्तू काकींना बघवत नसे. अंगणात एकच खुर्ची दिसली की त्या आतून दुसरी आणून तिच्या शेजारी ठेवायच्या, मग बसायला कोणी असो वा नसो. दोरीवर एकच मोजा वाळत असला, तर दुसरा सापडेपर्यंत घरातल्या कोणाला चैन पडू द्यायच्या नाहीत. आणि एकटा माणूस दिसला तर विचारायलाच नको. मी चिखलीत त्यांच्या वरच्या खोलीची चौकशी करायला गेलो, तेव्हा पाणी द्यायच्या आधी त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण, उंची आणि मामाचं गाव विचारून घेतलं. भाड्याचं शेवटी मलाच विचारावं लागलं. "भाड्याचं बघू रं. तू अजून बिनलग्नाचा कसा ऱ्हायलास, ते सांग आदी," असं म्हणून त्यांनी मला भाडेकरू करून घेतलं.

गाव त्यांना पाठीमागे जोडीकाकी म्हणायचं, तोंडावर नुसतं काकी. घर जुनं, गावातलंच. शेतं होती तिथे आता सोसायट्या उभ्या होत्या आणि भिंतीला लागून एक वर्कशॉप होतं, त्याचा लेथ दिवसभर करकरायचा. काकी पायरीवर बसून लग्नं जुळवायच्या. एक फोन स्पीकरवर लावून शेजारी ठेवलेला, त्यावर स्थळांची बोलणी. आणि मुलाचा जुना फोन हातात, त्यावर रंगीत खडे जुळवायचा खेळ. तीन लाल एका ओळीत आले की फुटायचे, आणि तेवढ्यात पलीकडच्या बाईला काकी ठणकावायच्या, "पोरगं निर्व्यसनी हाय, माजी जबाबदारी!" दोन्ही एकदम कसं जमतं, असं मी विचारलं होतं. "डोस्क्याला इचार करायचा असंल तर हाताला चाळा लागतो," म्हणाल्या. त्यांनी मला 'गेमवाला' हे नाव पहिल्याच आठवड्यात दिलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं.

गेमवाला मी खरोखरच होतो. माझे वडील बीडकडून आलेले, दापोडीत खोली घेऊन राहिलेले, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला. मी ताथवड्याला इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागलो आणि ती सोडून स्वतःचा गेम बनवायला बसलो. घरी बसून ते शक्य नव्हतं. शिफ्टवरून आलेल्या वडिलांची झोप मोडायची आणि त्यांचं तोंड बघून माझा धीर मोडायचा, म्हणून चिखलीची खोली. वडिलांनी एकच अट घातली होती. "दिवाळीपस्तोर बघ. लोकायनी घेतला तुझा खेळ तर घेतला. न्हाई तर चाकणला साहेबाला इंजिनेरच्या जागेचं बोलून ठिवलंय, गुमान रुजू व्हायचं." त्यात राग नव्हता. आपल्या मुलाने आपल्यासारखं रोज मरत जगू नये म्हणून माणूस घाबरतो, तसे ते घाबरलेले होते.

माझा गेम असा होता. एक खोल बारव. तिच्या भिंतींत रंगीबेरंगी रत्नं. ती जुळवत, फोडत एकेक टप्पा खाली उतरायचं. प्रत्येक टप्प्यावर एक मुलगी राहते, जपानी ॲनिमे पद्धतीची, मोठ्या डोळ्यांची. तिला आवडणारी रत्नं जमवून तिचं मन जिंकायचं. दर खेपेला बारवेची रचना वेगळी, आणि मध्ये कुठे हरलात की पुन्हा वर, सगळं पहिल्यापासून. चित्रं माझीच, गोष्ट माझीच, आणि माझ्या मते ते सगळं फार भारी जमलं होतं.

काकींना पहिल्यांदा दाखवला, तेव्हा त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ धरला. "ह्या पोरीला थायरॉइड हाय का रं? डोळं बघ की!"

"तशी पद्धत आहे काकी, त्या चित्रांची."

"आन केस निळं?"

"रंगवलेत."

"मग स्थळ अवघड हाय." आणि त्यांनी खरा प्रश्न विचारला, "हिच्या घरी कोन कोन असतं?"

"कोणी नाही. एकटीच राहते."

"बारवंत? एकटी पोर?" काकींचा चेहरा उतरला. चित्रातली का असेना, एकटी म्हटल्यावर त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन माझी वाट अडवून उभ्या. "एक मावशी तरी दे रं तिला." मी दिली. कोपऱ्यात एक मावशी बसवली, काही न बोलणारी.

त्यांचं सगळंच मी ऐकलं असं नाही. खेळणाऱ्याला शेती किती ते आधी विचारावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि एका खेपेत तीन-तीन मुलींची मनं जिंकायची सोय होती, ती तर त्यांना अजिबात खपली नाही. "एका टायमाला येकच स्थळ बघायचं. तीन घरी पोहे खात हिंडतोय मेला, लोकं श्यान घालतील तोंडात!" मी ऐकलं नाही, तर काकी रुसल्या आणि आठवडाभर माझ्या वाटणीचं कालवण बंद झालं.

गणपती झाले आणि मी गेमचा थोडा भाग लोकांना फुकट खेळायला दिला. लोक आले, खेळले आणि पहिल्यांदा हरले की निघून गेले. "चित्रं सुंदर. एकदा हरलो, काढून टाकला." सगळ्यांचा सूर हाच. हरल्यावर ती निळ्या केसांची मुलगी पडदाभर मोठी होऊन म्हणायची, "तू माझ्या योग्यतेचा नाहीस." हे वाक्य मला फार दमदार वाटायचं. मी रत्नांचे रंग बदलले, खेळ सोपा करून पाहिला, संगीत बदललं. माणसं यायची, एकदा हरायची आणि जायची. दिवाळी जवळ येत होती आणि चाकणच्या साहेबांनी वडिलांकडे माझी चौकशीही केली होती.

त्या दिवसांतच एका दुपारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन काकींकडे आल्या. मुलगा कुठल्याशा कंपनीत वेल्डर, खाली मान घालून बसलेला. मुलीकडचा जबाब ऐकायला आले होते. तो जबाब सकाळीच स्पीकरवर मीही ऐकला होता. मुलगा बोलताना अडखळतो, आम्हाला नको. स्वच्छ आणि रोखठोक. काकींनी त्या बाईंचा हात हातात घेतला. "ताई, समदं पसंत व्हतं बघा त्येंना. पोरगा तर लई आवडला. पन पत्रिका जुळंना. ग्रहांफुडं आपलं काय चालतंय?"

मग काकी उठल्या. अंगणात शेवग्याचं झाड होतं. आकडी घेऊन त्यांनी चांगल्या भरलेल्या शेंगा ओढल्या, सुतळीने जुडी बांधली आणि त्या बाईंच्या पिशवीत खोचली. "आमटी करा. फुडल्या खेपंला याच पोराचे पेढे खाणार मी." मुलाने जाताना पहिल्यांदा मान वर केली आणि नमस्कार केला.

ती दोघं कोपऱ्यावरून वळल्यावर मी म्हणालो, "काकी, तुम्ही साफ खोटं बोललात."

"व्हय, बोलले. मग?"

"आणि आपल्याकडे पत्रिका जुळली नाही याचा अर्थ कोणाला कळत नाही?"

"कळतोय की. त्या बाईलाबी कळला. तिनंबी कवातरी कुनाला असंच सांगितलं असंल." काकींनी पायरीवरचा फोन उचलून खडे जुळवायला सुरुवात केली. "ठावं असून बी बरं वाटतं रं. नकार तर द्यायचाच असतोय. पन मानसाला दुसऱ्या दारात जायची हिंमत उरली पायजे. आन रिकाम्या हातानं न्हाई धाडायचं कुनाला."

मी वर निघालो आणि जिन्यात थबकलो. उन्हाळ्यात काकींनी माझ्यासाठीही एक स्थळ आणलं होतं, तळेगावचं. पोहे झाले, बोलणं झालं आणि मग "पत्रिका जुळंना" असा निरोप आला, सोबत शेवग्याच्या शेंगांची आमटी. मी ती आमटी अगदी शांत मनाने ओरपली होती. पण माझ्या आईला माझ्या जन्माची वेळ आठवत नाही. माझी पत्रिका आजवर कोणी मांडलेलीच नाही! मी धाडधाड खाली आलो. "काकी, माझी पत्रिका तुम्हाला कुठे सापडली होती?"

काकींनी पदर तोंडाला लावला आणि हसून हसून त्यांचे खांदे हलायला लागले. "आमटी चांगली झाली व्हती ना?" एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी माझा गेम पहिल्यांदा नीट बसून खेळला. खडे जुळवण्यात हात बसलेला, त्यामुळे चांगल्या खोल उतरल्या. मग हरल्या. ती निळ्या केसांची मोठी झाली आणि तिने आपलं वाक्य टाकलं. काकींनी चष्मा लावून ते परत वाचलं आणि फोन खाटेवर आपटला.

"एवढं खाली उतरले, हिच्यासाटी दगडं फोडली, आन ही माजी लायकी काढती?"

"काकी, हरल्यावर परत पहिल्यापासून खेळायचं असतं. तशीच मजा आहे त्यात."

"कशापायी येऊ मी परत? काय दिलंस मला जाताना?"

मी अंगणातल्या दुसऱ्या खुर्चीवर बसून राहिलो. इतके दिवस मी रंग बदलत होतो, संगीत बदलत होतो, आणि ज्या दारातून लोक परत जात होते त्या दाराकडे मी बघितलंही नव्हतं. ते दार कसं लावायचं, हे या घराच्या पायरीवर मी रोज बघत होतो.

मी ते वाक्य काढून टाकलं. आता खेळणारा हरला की मुलगी काही बोलत नाही. कोपऱ्यातली ती मावशी उठते, दार अर्धं उघडते आणि म्हणते, "सगळं पसंत होतं. पण या खेपेला पत्रिका जुळली नाही." आणि हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी देते. पुढच्या खेपेला ती जुडी आपल्याजवळ असते. कुठे अडलं की एक शेंग मोडायची, अडलेली ओळ मोकळी होते. हरण्यागणिक जुडी थोडी जाड होत जाते. मावशीचा चेहरा मी काकींचाच काढला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "माजं डोळं एवढं मोठं हायत व्हय?" मग पदर सारखा केला. "नथ ऱ्हायली बघ."

नथ घातली आणि गेम बाजारात सोडला. लोक हरले आणि थांबले. परत हरले, परत आले. कुठून कुठून विचारणा यायला लागल्या, की ही हिरवी लांब काठी कसली आणि ही बाई कोण, हिच्यासाठी आम्ही परत येतोय. मोठी क्रांती वगैरे काही झाली नाही. पण माझं आणि खोलीचं भागेल इतकं नक्की झालं.

वडिलांना ते मी सांगायच्या आधीच कळलं. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी एक तरुण ऑपरेटर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. काय करतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मावशीनं परत पाठवलं, काका. पण शेंगा दिल्या. आता परत जातो बघा." ती मावशी वडिलांनी माझ्या फोनवर पाहिलेली होती, पण खेळ कोणाचा ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. दिवाळीच्या पहिल्या पाण्याला मी दापोडीत होतो. पाठीला तेल लावता लावता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "साहेबाला सांगून टाकलं. पोरगा येत न्हाई म्हणलं." मी तोंडावर पाणी मारून घेतलं, कारण रडलेलं दिसू द्यायचं नव्हतं. काकींना ही बातमी सांगितली तर त्या तिसऱ्याच गोष्टीने खूश झाल्या. "आता तुजं स्थळ भारी झालं!"

पुढे त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं. अर्थात त्यांनीच जुळवलेलं. एका सकाळी जिन्यात दमलेली पावलं वाजली. गुडघ्यांमुळे काकी कधी वर येत नसत. मी दार उघडलं तर त्या कठड्याला धरून उभ्या होत्या, आणि हातात सुतळीने बांधलेली शेंगांची जुडी होती. तोंड उघडायच्या आधीच मला सगळं कळलं. नव्या जोडप्याला खोली लागणार होती.

"काय झालं गेमवाल्या, तुजी आन ह्या खोलीची..." त्यांना पुढे बोलवेना. शेकडो घरांचे नकार सफाईने पोचवणारी बाई, स्वतःच्या वाट्याचा एक नकार देताना अडखळली.

"पत्रिका जुळली नाही ना काकी?" मी म्हणालो.

त्या मटकन खाटेवर बसल्या, आणि हसल्या की रडल्या ते त्यांनाच ठाऊक. मी जुडी दोन्ही हातांनी घेतली. ठाऊक असूनही बरं वाटतं, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. दापोडीला आईने आमटी केली आणि वडिलांनी दोनदा मागून घेतली.

काकी गेल्या थंडीत गेल्या. मी चिखलीला गेलो, तेव्हा अंगणात दोन खुर्च्या तशाच शेजारी शेजारी होत्या. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते त्यांना मी कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, त्यापेक्षा लग्न कर. म्हणून इथे लिहून ठेवतो, की मी आज जे करतो आहे ते त्यांच्या पायरीवरून घेतलेलं आहे. माझा गेम मला आता तोंडपाठ झाला आहे, बारवेच्या तळापर्यंत सहज उतरतो. पण तळाशी पोचलेल्याला मावशी भेटत नाही. ती फक्त हरणाऱ्यासाठी दार उघडते. त्यामुळे फार आठवण आली की मी चांगली जुळत आलेली ओळ मोडतो आणि मुद्दाम हरतो.