लीलम्माचा झेंडा डोलकाठीवर

सुजाता, अशी जवळ ये गं. निदान हा कागद तरी डोळ्यांजवळ धर. परवा लग्नात चारचौघांत काय सांगितलंस? “मावशी बहरीनला शिवणकाम करायची.” ब्लाउज शिवले का मी तिथे? झेंडे शिवले, बोटींचे. वस्तीत जयंतीचे निळे झेंडे शिवता शिवता हात बसला, शिकवलं कुणी नाही.

आमचे युसूफशेठ तिथल्या राजधानीत, मनामात, शिप चँडलर होते. म्हणजे बंदरात आलेल्या बोटीला भाजीपासून दोरखंडापर्यंत सगळं पुरवणारे. बोट परक्या बंदरात शिरली की त्या देशाचा झेंडा लावते, त्याला कर्टसी फ्लॅग म्हणतात. ते माझ्याकडे. बहरीनचे लाल-पांढरे, लाल-पांढरे, डोळे दुखेपर्यंत. स्पेशल ऑर्डर, म्हणजे वेगळ्या देशाचा एखादाच झेंडा, कधी मला यायची, कधी लीलम्माला. लीलम्मा कोट्टायमची. बोलणं कमी आणि शिलाई इतकी सरळ की बघूनच माझं डोकं उठायचं. शेठनी सांगून ठेवलं होतं, स्पेशलचं टेबल आता दोघींतल्या एकीलाच. एसीखाली, वेगळा पगार. ते मला हवं होतं.

सोव्हिएत युनियन मोडलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक कॅप्टन दुकानात आला. लात्व्हियाचा. त्याला बोटीवर स्वतःच्या देशाचा झेंडा लावायचा होता.

“नवीन देश आहे?” शेठनी विचारलं.

“जुनाच. मधे बंद होता,” तो म्हणाला.

मग खुर्ची ओढून बसला. त्याचे आजोबा साराटोव्ह नावाच्या आगबोटीवर कोळसा टाकायचे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा देश नुकता स्वतंत्र झाला होता. राजधानी हातची गेली, मग किनाऱ्यावरच्या गावात हललेलं सरकारही उलथवलं. पंतप्रधान आणि मंत्री या बोटीच्या आसऱ्याला आले. बोट बंदरात उभी, इंग्रजांच्या युद्धनौका राखणीला, आणि कित्येक आठवडे बोटीवरून कारभार.

“जेवायला काय मिळायचं त्यांना?” मी विचारलं. शेठनी डोळे वटारले.

कॅप्टन हसला. “आजोबा म्हणायचे, मंत्र्यांपेक्षा बॉयलर जास्त खायचा.” मग गंभीर झाला. “डेक होता तेवढाच आमचा देश. वर झेंडा. पुढे रशियाच्या राज्यात त्या झेंड्याला बंदी आली. मी लहानपणी तो पाहिलाच नाही. आजोबा फक्त रंग सांगायचे. भडक लाल नाही, वाळलेल्या रक्तासारखा. वर खाली तो, मधे पांढरी पट्टी.”

मी पुढे सरकले, तेवढ्यात शेठ म्हणाले, “लीलम्मा, तू कर.” मग मला, “बेन, तुम्ही कर्टसी संपवा. यल्ला, चला.”

गोष्टीत प्रश्न मी विचारायचे आणि झेंडा तिने शिवायचा?

लीलम्माने शेल्फवरचं मरून रंगाचं बंटिंग काढलं. बंटिंग म्हणजे झेंड्याचं खास हलकं कापड. ते कतारच्या झेंड्यासाठी ठेवलेलं, चॉकलेटीकडे झुकणारं. मला तेव्हाच दिसलं, रंग चुकतोय. गप्प बसले. शुक्रवारी सुट्टी होती. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, हिंडून सिंधी दुकानदाराकडून डाळिंबी सुती साडी घेतली, घरी झेंडा शिवला आणि शनिवारी तिच्या झेंड्याशेजारी काउंटरवर ठेवला.

“हे कुणी सांगितलं होतं?” शेठ म्हणाले.

“कुणी नाही. रंग बघा.”

कॅप्टन झेंडा न्यायला आला होता, त्याने माझा उचलला. बोटांनी चाचपला. मग म्हणाला, “हाच.”

मी लीलम्माकडे बघितलं. सावकाश, तिला दिसेल असं.

पण तो दर्यावर्दी माणूस. दोन्ही झेंडे दारात नेऊन वाऱ्यावर धरले. तिचा लगेच उठला, फडफडला. माझा जरा हलला आणि वाळत घातलेल्या चादरीसारखा लोंबला.

“मॅडम, समुद्रावर रात्री दव पडतं. हे कापड पाणी पिऊन दगड होईल,” तो म्हणाला. माझा झेंडा घडी करून त्याने कोटाच्या आतल्या खिशात घातला. “हा घरी, आईसाठी.”

“खलास. टेबल लीलम्माचं,” शेठ म्हणाले.

दुपारी सामान पोचवायला पिकअप मीना सलमान बंदरावर निघाली, दोघी मागे बसून गेलो. बोटीवर लीलम्माचा झेंडा चढला. मी दात आवळून बघत होते. ती मात्र वर बघतच नव्हती.

“बघ की, तुझाच आहे,” मी म्हटलं.

“तुम्हारा वाला उसने छाती से लगाया,” ती म्हणाली. “मेरा रस्सी को बांधा. छह महीने में फट जाएगा.” तिचा आवाज आंबट झाला होता. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

टेबल तिचंच राहिलं. मी बहरीन सोडेपर्यंत लाल-पांढरे शिवले. तुला शिकायचं असेल तर एवढं लक्षात ठेव, रंग हातात घेऊन बघावा, कापड दारात वाऱ्यावर धरून. पण हे कागदावर शिकता येत नाही. मशीनला तेल घातलंय. पुढच्या रविवारी येच, आणि घाईत येऊ नकोस, राहायला ये.