लांबून वाजवा

मामींचं म्हणणं बरोबर होतं आणि मी चूक होतो. हे आधीच लिहून टाकतो. पत्रकं लिहिणाऱ्याला पहिल्या ओळीतच दोषी कोण ते सांगायची सवय असते, आणि तो दोषी नेहमी दुसराच असतो.

मामी म्हणजे माझ्या बायकोची आई. जामखेडकडच्या वस्तीवरची बाई, दरसाल ऊसतोडीला जाणारी. मी नगरला एका छापखान्यात डीटीपीचं काम करायचो. दिवसा लग्नपत्रिका, संध्याकाळी चळवळीची पत्रकं. नवसाविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध. ‘बंधू-भगिनींनो, डोळे उघडा!’ असं उद्गारचिन्हासकट लिहायचो. आपले डोळे उघडे आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शिवाय मी गिटार वाजवायचो. शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांनी शिकवली होती. आमच्या कलापथकात ढोलकी, पेटी, डफ आणि कोपऱ्यात मी. ढोलकीवाला म्हणायचा, “आली सायबाची सतार! हिच्यावर नुसती प्रार्थनाच वाजती का एखादं आपलं गाणं बी?” मी रागानं आणखी जोरात वाजवायचो.

तेव्हा शहरात सायबर कॅफे नुकते निघाले होते. दिल्लीगेटकडच्या एका गाळ्यात तीन कॉम्प्युटर, पडदा लावून. मी तिथं गाण्यांच्या कॉर्ड, म्हणजे कुठल्या तारेवर कुठलं बोट ते, उतरवायला जायचो, जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. तिकडं इंटरनेटवर देशोदेशीचे गिटारवाले गप्पा मारत बसलेले असत. त्यांना माझं गाव कुठं आहे हे सांगता सांगता तास संपायचा. बायको म्हणायची, “त्या कॉम्प्युटरात दुसरी सासुरवाडी केलीय का तुमी?”

मुलगी दीड वर्षाची होती. मी मांडीवर गिटार घेतली की ती हातातलं टाकून यायची, माझ्या मांडीशी पालथी पडायची आणि गिटारच्या लाकडाला गाल लावायची. मी तारा छेडल्या की डोळे मोठे करून हसायची, पाय आपटायची. आल्यागेल्याला मी हे दाखवायचो. बाप वाजवतोय आणि लेक ऐकतेय, यापलीकडं त्या दोन खोल्यांत मला काही नको होतं.

भादव्यात मामी आल्या. चार दिवस नुसत्या बघत होत्या. पाचव्या दिवशी मी जेवायला बसलो तशा म्हणाल्या, “जावईबापू, राग येऊ द्या न्हाईतर न्हाई. लेकराला ऐकू येत न्हाई.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हन्ते. हाक मारली तर बघत न्हाई. काल हिच्या मागं परात पाडली, मान बी वळवली न्हाई. शंखातलं पानी पाजू. न्हाईतर जिभंला वेखंड तरी लावू.”

शंख आणि वेखंड हे दोन शब्द ऐकले आणि मी ताट सरकवलं. त्यापुढचं मी किती वेळ बोललो, आज सांगता येणार नाही. धम्म घेऊन चाळीस वर्षं झाली, तरी तुमचं शंख-पाणी सुटत नाही, असं म्हणालो. अडाणीपणानंच आपली माती केली, असंही म्हणालो. बायको चुलीपाशी उभी होती. बोलून झाल्यावर मी पुरावा दिला. गिटार घेतली, मुलगी धावत आली, लाकडाला गाल लावला, मी वाजवलं, ती हसली.

“बघा! बहिरं पोर असं हसतं का?”

मामींनी नीट बघितलं. मग म्हणाल्या, “तसं नका. लांबून वाजवा. ती पाठमोरी असताना वाजवा.”

ही बाई कधी शाळेत गेली नव्हती. आणि विज्ञानाचा कैवार घेतलेला मी म्हणालो, “माझं मूल काय परीक्षेला बसलंय?” आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

मामी दुसऱ्या दिवशी गेल्या. जाताना एसटीत चढून खिडकीतून एवढंच म्हणाल्या, “शंख नका घेऊ. पर दवाखान्यात तरी दावा.” म्हणजे जे मी पत्रकात छापत होतो, तेच त्या मला सांगत होत्या. मला ते ऐकू आलं नाही.

आठ महिने गेले. मुलगी बोलत नव्हती. “बापावर गेलीय, आधी ऐकून घेईल, मग भाषणच ठोकेल,” असं मीच लोकांना सांगत होतो. मग जयंतीची मिरवणूक आली. वस्तीच्या तोंडाशी पोरांनी आमच्या अगदी मागं फटाक्यांची माळ लावली. सगळी लेकरं रडत आईच्या पदरात शिरली. आमची मुलगी माझ्या कडेवर बर्फाचा गोळा चोखत होती. चोखतच राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

पुण्याला नेऊन तपासणी केली. दोन्ही कान. गिटार तिला ऐकू येतच नव्हती. लाकूड थरथरायचं, ते तिला गालाला कळायचं. तिला वाटत असेल, बापाकडची ती वस्तू थरथरते. मला वाटत होतं, माझं गाणं तिला आवडतं.

मी संतापलो, आणि जो संताप मला येतो तोच आला. पोलिओचे डोस पाजायला माणसं घरी येतात, वजन करतात, कार्ड भरतात, पण गरिबाच्या पोराचे कान कुणी तपासत नाही. त्यावर मी पत्रक लिहिलं. त्यातला प्रत्येक शब्द आजही खरा आहे. फक्त त्यात परातीचा उल्लेख नव्हता.

पुढचा महिनाभर मी कॅफेत बसून कॉर्डऐवजी कान शोधत होतो. डिक्शनरी मांडीवर. पान वरून खाली सावकाश उमटायचं, आणि ते येईपर्यंत मी घामानं निथळायचो. एका ठिकाणी बहिऱ्या मुलांचे आईबाप एकमेकांना लिहीत होते. मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं. कुठल्याशा थंड देशातल्या एका बापानं उत्तर दिलं. सुरुवातीचे महिने सोन्यासारखे असतात, त्यानं लिहिलं, मेंदू तेव्हाच आवाज शिकतो. तुम्हाला पहिली शंका कधी आली?

मी टाइप केलं, गेल्या महिन्यात.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलेलं होतं. तुम्ही लगेच धावपळ केलीत, तुमची मुलगी नशीबवान आहे.

मी उठलो आणि परत त्या पानावर गेलो नाही.

तोडीचा हंगाम संपवून मामी आल्या तेव्हा मुलीच्या छातीवर काडेपेटीएवढं यंत्र आणि कानात वायरी होत्या. मामींनी वायर हळूच बोटानं चाचपली. “येतं का काय कानावर?”

“थोडं. फार थोडं.” मग मी म्हणालो, “मामी, माझं चुकलं.”

“मला कशाला सांगता? मी बोलून मोकळी झाले हुते. हिला इचारा, हिनं काय सोसलं ते.” त्यांनी बायकोकडं मान हलवली आणि पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेल्या.

मी बायकोला विचारलं. ती मुलीची वेणी घालत होती. वर न बघता म्हणाली, “तुमी कामावर गेलात की मी तिच्या मागं उभी राहून टाळी वाजवायचे.”

“किती दिवस?”

“आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. जयंतीपर्यंत. रोज.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुमच्याशी बोलून कोण जिंकलंय आजपातुर? आईला तुमी अडाणी म्हणालात. मला वाटलं, माझंच मन घाण हाय. रोज वाटायचं, आज वळंल.”

वेणी झाली. तिनं मुलीला समोर बसवलं, तिचा हात उचलून आपल्या गळ्याला लावला, पुण्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं होतं तसा. मग ओठ मोठे करून म्हणाली, “आई.” थांबून पुन्हा, “आई.” मुलगी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तिनंही तोंड उघडलं, तसंच, अगदी तेवढंच. त्यातून आवाज मात्र निघाला नाही.