टेरेल मेबरीला सोडलं त्या आठवड्यात

जानेवारीत बायको मॉरीन गेली आणि हिवाळा सरताच व्हर्लिन स्ट्राउड पुन्हा गाडी काढून मैदानं पालथी घालायला लागला. घरी बसून करणार तरी काय? बेसबॉलच्या एका मोठ्या क्लबसाठी पोरं हेरायची, हेच त्याने जन्मभर केलं होतं. अलाबामा, मिसिसिपीतल्या लहानलहान गावांत जायचं, जाळीमागे बसायचं आणि कुठलं पोर पुढे वरच्या लीगमध्ये टिकेल ते सांगायचं. चांगलं पोर दिसलं की त्याच्या मानेवर काटा उभा राहायचा. त्या काट्यावरच त्याची भाकरी होती.

मॉरीन गेल्यापासून काटा आला नव्हता. तिला पुरताना रडूही आलं नव्हतं. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. व्हर्लिनला धीरबीर काही जाणवत नव्हता. जेवण तोंडात जायचं, दिवस मावळायचा, एवढंच.

मे महिन्यात ऑफिसातून हॅनाचा फोन आला. ही मुलगी क्लबच्या खेळाडूंचे आकडे सांभाळायची.

"टेरेल मेबरीला बघून याल का? ठेवायचा की सोडायचा, ते ठरवायचंय. तुम्हीच आणला होतात ना त्याला?"

"मीच."

"आकडे पाठवून ठेवू?"

"आधी नको. बघून झाल्यावर."

हा त्याचा जुना नियम. आधी डोळ्यांनी बघायचं, लिहून मोकळं व्हायचं, मग आकडे.

टेरेल शाळा संपवत होता तेव्हा व्हर्लिननेच त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून करारावर सही घेतली होती. त्या पोराने चेंडू मारला की आवाज वेगळा यायचा. आता तो सव्वीस वर्षांचा होता आणि अजून खालच्याच लीगमध्ये अडकला होता. व्हर्लिन जाळीमागे बसला. छातीच्या उंचीवर वेगवान चेंडू आला, बॅट उशिरा फिरली. पुन्हा तसाच आला, पुन्हा उशीर. खालचा एक चेंडू मात्र टेरेलने थेट कुंपणावर आदळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लिनला आवाज ऐकू आला, पण तो वेगळा होता की नेहमीचाच, हे काही कळेना. पोराची बॅट मंदावली की आपणच?

सामना संपल्यावर त्याने गाडीतूनच फोन लावला.

"हॅना, आकडे काय म्हणतात?"

"तुम्ही लिहिलंत?"

"नाही. तू सांग."

"बॅट दोन वर्षांपासून मंदावतेय. वरचा वेगवान चेंडू त्याला लागतच नाही, आणि आता सगळे तोच टाकतात. तुम्हाला काय दिसलं?"

"हेच."

"हेच दिसलं, की मी म्हटलं म्हणून हेच?"

"ते मला सांगता येत नाही, पोरी. हल्ली काहीच सांगता येत नाही."

"मग उद्या परत बघा," ती हळूच म्हणाली. "मी थांबते."

दुसऱ्या दिवशी त्याने टेरेलच्या तोंडाकडे बघितलंच नाही, नुसते हात आणि मनगटं बघत बसला. पोर उशिरा पोचत होतं. हे दिसायला काटा लागत नव्हता. मुक्कामाच्या मोटेलात येऊन त्याने लिहिलं: सोडावा.

शुक्रवारी मॅनेजरने टेरेलला आत बोलावून सांगितलं. तो खांद्यावर बॅग टाकून बाहेर आला तेव्हा व्हर्लिन गाडीला टेकून उभा होता.

"मिस्टर व्हर्लिन, तुम्ही लिहिलंत ना?"

"हो."

टेरेलने मान डोलावली. "मागच्या वर्षीच लिहायला हवं होतंत. मला तेव्हाच कळलं होतं."

"बोलला का नाहीस?"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून."

व्हर्लिनने त्याला घरी सोडलं. वाटेत टेरेल झोपला, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. त्याची आई लोरेटा दारातच उभी होती. तिने दोघांना बसवून तळलेला मासा आणि उकडलेले शेंगदाणे वाढले. टेरेल अंघोळीला गेल्यावर ती म्हणाली, "तुमची बायको गेली म्हणे."

"जानेवारीत."

"आणि तुम्ही तसेच फिरताय."

"दुसरं काही येत नाही."

"त्यालाही येत नाही," लोरेटा आतल्या दाराकडे बघत म्हणाली. "शिकेल आता. माझा भाऊ छपरं घालतो, त्याला माणूस हवाय." तिने माशाचा आणखी एक तुकडा त्याच्या ताटात टाकला. "खा. मिठाचं कसंय?"

व्हर्लिनने घास चावला आणि खरं तेच सांगितलं, "कळत नाही."

"असू दे," ती म्हणाली. "माझा नवरा गेला तेव्हा मला वर्षभर कळत नव्हतं."

त्याने ताट संपवलं. सोमवारी त्याला मिसिसिपीतल्या मेरिडियनला चेंडू टाकणारा एक डावखुरा पिचर बघायचा होता. तो गेला, जाळीमागे बसला आणि जे दिसलं ते लिहिलं. मानेवर काटा काही आला नाही. मग आपल्याला दिसलं ते आकड्यांशी जुळतं का बघायला त्याने या वेळीही हॅनाला फोन केला, आणि तिनेही फोन का केला म्हणून विचारलं नाही.